ओटीपाशी थांबलेला हात

इंदूरहून परतल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "पोहे खाल्लेत का?" खाल्ले हो, खाल्ले. पोहे खाल्ले, जिलबी खाल्ली, कचोरी खाल्ली. ज्यांना इंदूरला जायचंय त्यांनी खुशाल जावं. शहर स्वच्छ आहे, खाणं उत्तम आहे, माणसं गोड बोलतात. माझ्या तोंडाची चव गेली ती खाण्यानं नव्हे, त्याला इंदूरच्या पोह्यांचा इलाज नाही.

आधी स्वतःबद्दल सांगते, म्हणजे हा चिरका सूर कुठून येतो ते कळेल. मी नाशिकला शाळेत मराठी शिकवायची. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. माणूस दिसला की त्याला नेमका शब्द शोधायचा. जे आपण नाही ते असल्याचं दाखवणाऱ्यांवर तर माझा विशेष जीव. वर्गात मी बजावून सांगायची, अरे, सगळ्यांना सरसकट 'खोटारडा' म्हणून मोकळे होऊ नका. दुसऱ्याचं नाव लावून त्याच्या जागेवर बसतो तो तोतया. अंगात नसलेला चांगुलपणा मिरवतो तो ढोंगी. लोकांच्या श्रद्धेवर पोट भरतो तो भोंदू. सगळं करून नामानिराळा राहतो तो साळसूद. आणि वेष पालटून दारी येतो, हसवतो, बिदागी घेऊन जातो तो बहुरूपी. त्या बिचाऱ्याला या बाकीच्यांच्या पंगतीला बसवू नका. मुलं लिहून घ्यायची आणि परीक्षेत सगळ्यांपुढे 'खोटारडा' लिहायची.

इंदूरला मी गेले ते मुग्धासाठी मुलाचं घर बघायला. माझ्या भावाची मुलगी मुग्धा. तिची आई ती कॉलेजात असतानाच गेली आणि भावाच्या हृदयाचं दुखणं असं की डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केलेला. म्हणून मी. मुग्धाचं एकदा ठरलेलं लग्न मोडलं होतं. त्या मुलाच्या घरच्यांनी ऐनवेळी पाठ फिरवली आणि त्यानंतर ही पोरगी बरेच दिवस आरशात बघायची नाही. आता निखिलचं स्थळ आलं होतं. इंदूरच्या एका कंपनीत इंजिनियर, दिसायला नीटस, बोलायला नम्र. नाशिकला येऊन भावाच्या पाया पडून गेला होता. वडील बँकेतून निवृत्त, आई घरी, राजेंद्र नगरला स्वतःचा फ्लॅट, घराणं पिढ्यान्‌पिढ्या इंदूरचं. घर एकदा डोळ्यांखालून घालायचं आणि सगळं ठीक दिसलं तर अक्षय्य तृतीयेला साखरपुडा, असं ठरलं होतं. भाऊ मला म्हणाला, "ताई, तुझी नजर बारीक आहे. पण एक कर, उगाच खोट काढत बसू नकोस. पोरगी पुष्कळ दिवसांनी हसायला लागली आहे."

राजवाडा

रात्रभराच्या बसचं रडगाणं गात नाही. मुग्धा आणि मी सकाळी उतरलो, लॉजवर आंघोळी केल्या आणि पोह्यांच्या गाडीवर जाऊन उभ्या राहिलो. आपल्याकडे पोहे फोडणीत परततात, इकडे वाफेवर ठेवतात. त्यामुळे ते मऊ आणि हलके लागतात. वरून शेव, कच्चा कांदा, डाळिंबाचे दाणे आणि जीरावन नावाचा मसाला. सोबत जिलबी. सकाळी सकाळी पोह्यांबरोबर जिलबी ही कल्पना मला पटली नव्हती, पण पहिल्या घासानंतर मी गप्प बसले. मुग्धा म्हणाली, "आत्या, तू गप्प बसलीस म्हणजे फारच चांगलं असणार." ती खूश होती. नवी अबोली साडी बॅगेत होती आणि सारखी विचारत होती की ती जास्त झगमगीत तर नाही ना.

निखिलकडे दुपारनंतर जायचं होतं, म्हणून आम्ही राजवाड्याकडे गेलो. तिथून सराफ्यात शिरलो. संध्याकाळनंतर जिथे खाण्याच्या गाड्या लागतात तिथे दिवसा सोन्याचांदीची दुकानं असतात. मुग्धा एका काचेशी जोडवी बघत थांबली. तेवढ्यात मागून कर्कश शिट्टी वाजली.

"माताजी! चालान कटेगा!"

मागे वळून बघते तो खाकी वर्दीतला इन्स्पेक्टर, मिशा पिळलेल्या, काखेत दंडुका. "रस्ता रोक के खडी हैं आप. थाने चलना पडेगा." परका गाव, सोबत लग्नाची मुलगी. मी हिंदीत काहीतरी फाफटपसारा बोलायला लागले तशी दुकानातली माणसं हसायला लागली. गादीवर बसलेला सराफ म्हणाला, "अरे भिया, डराओ मत उनको. माताजी, बहुरूपिया है ये. कल डाकू बन के आया था."

त्या माणसानं खाडकन सलाम ठोकला आणि टोपी काढली. आत चाळिशीतला, दात पुढे आलेला, घामाघूम झालेला साधा माणूस. मी त्याला विचारलं की बाबा, पैसे कधी घेतोस? तो म्हणाला, "पहचान लें तब. जब तक सच्चा समझते हैं तब तक एक पैसा हराम है, माताजी." मी त्याला नोट दिली आणि मुग्धाला म्हटलं, बघ, वर्गात मी शिकवायची तो हा. मुग्धा हसून म्हणाली, "तुला घाम फुटला होता." फुटला होता खरा. पण त्या माणसावर राग आला नाही.

राजेंद्र नगर

राजेंद्र नगर ही शांत वसाहत. बऱ्याच दारांवर मराठी नावं, एका फाटकाशी कोणीतरी "अगं सुन ना, दूध आलंय" असं ओरडत होतं. इंदूरच्या मराठीची गंमत ही. प्रत्यय आपले आणि बाकी अर्धं सामान हिंदीचं, भैयाचा तर भिया होतो. मला ती ऐकायला गोड वाटते, फक्त शुद्धलेखनाच्या वहीत नको.

निखिल फाटकाशीच उभा होता. वर नेलं. दार उघडलं ते निखिलच्या आईनं. साठीच्या आतबाहेरची बाई, ठसठशीत कुंकू, मंगळसूत्र, फिकट हिरवी साडी, केसांचा नीट अंबाडा. "या, या. उन्हातून आलात. आधी जरा टेका. पन्हं घेता ना?" आणि काय सांगू, त्या बाईचं मराठी! एक शब्द हिंदी नाही, उच्चार स्वच्छ, आवाज मुरलेला. मी मराठीची बाई, मी तिथेच भाळले. मनात म्हटलं, पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहून भाषा अशी जपली म्हणजे घर चांगलंच असणार. निखिलचे वडील नव्हते. त्यांच्या थोरल्या भावाच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेले होते म्हणे. माझी बारीक नजर त्या वेळी कुठे चरायला गेली होती देव जाणे.

चैत्र होता, त्यामुळे आंबेडाळ होती, पन्हं होतं, भिजवलेले हरभरे होते. आंबेडाळीत ओलं खोबरं सढळ हातानं घातलेलं. मी दोनदा मागून घेतली. त्या मुग्धाला म्हणाल्या, "आमच्याकडे मुलगी नाही. तुझ्या रूपानं ती येईल." मुग्धाचे डोळे भरून आले. तिनं निखिलकडे पाहिलं, निखिल खाली बघत होता. मला तो लाजाळूपणा वाटला.

निघायची वेळ झाली तशी त्यांनी कुंकवाचा करंडा आणला. मुग्धासमोर धरला आणि म्हणाल्या, "घे गं, तूच लाव." मग माझ्यासमोर धरला. माझा नवरा गेल्याला पुष्कळ वर्षं झाली. कुठल्याही हळदीकुंकवात करंडा माझ्यापर्यंत येतो, क्षणभर अडतो आणि वळतो. ते अडणं मी इतक्यांदा पाहिलंय की डोळे मिटून ओळखेन. या बाईनं माझ्यापुढे करंडा सरळ धरला म्हणून मला त्यांच्याबद्दल आणखीच बरं वाटलं. स्वतःच्या हातानं कोणालाच लावलं नाही, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

मग ओटी. ताटात गहू, खण, नारळ, हळकुंड, सुपारी, सगळं तयार. आपल्याकडे तांदूळ घेतात, इकडे गहू. मुग्धा पाटावर बसली, पदर पसरला. निखिलच्या आई ताटाशी वाकल्या, गव्हात दोन्ही हात घातले, ओंजळ भरली, उचलली.

आणि थांबल्या.

ओंजळ तशीच अधांतरी. बोटांच्या फटीतून दाणे ताटात गळत होते. मुग्धा पदर धरून वर बघत होती, हसत होती. त्या बाईंनी ओंजळ ताटात परत सोडली आणि म्हणाल्या, "खालच्या वहिनींना बोलावते. त्या आमच्यात मोठ्या आहेत." निखिल पटकन म्हणाला, "आई, वहिनी नाहीयेत घरी. तूच भर ना." त्या म्हणाल्या, "मग साखरपुड्याला भरू. माझ्या कमरेत धरलंय, वाकवत नाही." आणि ताट उचलून आत गेल्या.

ते थांबणं माझ्या ओळखीचं होतं. दुसऱ्या भाचीच्या लग्नात, पुतणीच्या डोहाळजेवणात, ताट माझ्यासमोर आलं की माझेही हात असेच थांबले आहेत. मी थांबवले नव्हते, आजूबाजूच्या डोळ्यांनी थांबवले होते. या रीतीवर मी आयुष्यभर तोंडसुख घेतलंय, भाषणं दिलीत. पण हातांना ती माहीत आहे.

पाणी प्यायच्या निमित्तानं मी स्वयंपाकघरात गेले. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. मी हलक्या आवाजात विचारलं, "तुमचे यजमान कधी गेले?"

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि भलत्याच बाईच्या तोंडून यावेत तसे शब्द आले. "ताई, आत्ता कुछ मत बोलो. हात जोडते. उद्या सकाळी दत्ताच्या देवळापाशी या ना, मी सगळं बताऊन देते. पोरगी बहुत सीधी आहे हो तुमची."

शुद्ध मराठी गेलं, आणि इंदूर बोलायला लागलं.

दत्ताच्या देवळापाशी

लॉजवर आल्यावर मी मुग्धाला सांगितलं की ती बाई विधवा आहे, मराठीही पाठ केलेलं, ती निखिलची आई नाही. मुग्धा भडकली. अशी कधी भडकत नाही. "कंबर दुखत होती त्यांची! आत्या, तुला सगळ्यांतच खोट दिसते. मागच्या वेळीही तू आधी म्हणाली होतीस आणि मोडलं. आता हेही मोडायचंय का तुला?" ती भिंतीकडे तोंड करून झोपली, नव्हे, पडून राहिली. मला आतून वाटत होतं की देवा, या खेपेला माझं चुकू दे.

सकाळी ती माझ्याबरोबर आली, पण दोन पावलं अंतर ठेवून.

देवळाच्या कट्ट्यावर ती बाई बसली होती. कपाळ मोकळं, गळा मोकळा, सुती साडी. मुग्धानं त्यांना पाहिलं आणि जागच्या जागी थांबली. काही विचारावं लागलं नाही.

त्यांचं नाव शैलाताई. इथल्या हौशी मराठी नाटकांतून त्यांनी आयुष्यभर कामं केली, तरुणपणी नायिका आणि मग सगळ्यांच्या आया. "निखिल भिया नाटक देखने आले होते. मागे येऊन भेटले. बोलले, मावशी, माझी आई बीमार आहे, तिला यहाँ आणता येत नाही, मुलीकडचे लोक बघायला येतायत, एक दोपहर बस. फ्लॅट पण कोणी साहेबाचा आहे, चाबी घेतलेली. मला वाटलं, बिचारा. आणि झूठ काय बोलू ताई, पुष्कळ दिवसांत कोणी रोल नव्हता दिला. मी तर पुण्याच्या बाईची मराठी चार दिवस घोकत होते."

"मग ओटीपाशी काय झालं?" मी विचारलं.

त्या मुग्धाकडे बघून बोलल्या. "बेटा, स्टेजवर मी कितीतरी ओट्या भरल्या. माझे हे गेले त्याच्यानंतर पण भरल्या, कुछ नहीं लगा. वो तो नाटकातली नवरी. पण तू पदर पसरलास ना, तू तर सच्ची होतीस. तुझं लग्न सच्चं. मी विधवा बाई, तुझ्या ओटीत हात कशी घालू? काही बुरा झालं तुझं तर?"

मला हसावं की रडावं कळेना. अख्खी दुपार या बाईनं बिनदिक्कत खोटं वठवलं. आई झाली, सवाष्ण झाली, मला दोनदा आंबेडाळ वाढली. आणि तिला अडवलं कोणी? तर ज्या रीतीनं माझ्यासारख्या बायकांना जन्मभर दाराबाहेर उभं केलं, तिनं. त्या रीतीचे आभार मानायची पाळी माझ्यावर यावी, याचा मला इतका संताप आला की मी कट्ट्यावरून उठून उभी राहिले.

मुग्धानं शांतपणे विचारलं, "त्यांची खरी आई कुठे असते?"

"देपालपूरला. मंडीच्या मागे, असं बोलले होते." शैलाताई पदर सारखा करत म्हणाल्या, "मी म्हणाले पण होते, अहो, बीमार आहे तर फोटो दिखा दो ना लोकांना, समजतील. तर म्हणाले, मावशी, फोटो दाखवण्यासारखा नाहीये."

देपालपूर

गाडी करून निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं कापून झालेली, नुसते पिवळे बुडखे. मंडीकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग होती. हवेत भुसा उडत होता आणि सगळ्या गावाला दळणाच्या गिरणीसारखा वास येत होता. मी मनातल्या मनात निखिलला शब्द शोधत होते. तोतया म्हणावं तर त्यानं दुसऱ्याचं नाव घेतलं नाही, स्वतःचंच लावलं. ढोंगी म्हणावं तर फार मिळमिळीत वाटतं. मी तोंडानं पुटपुटत असणार, कारण मुग्धा म्हणाली, "आत्या, शब्द शोधू नकोस. कदाचित आई खरंच आजारी असेल." अजूनही तिला आशा होती. मला तिच्याकडे बघवेना.

मंडीबाहेर चहावाल्याला विचारलं. "निखिल की माँ? वो जो माल छानती है? पीछे चली जाओ, नीम के पास." आजारी बाई माल चाळायला जात नाही. मुग्धानं ते ऐकलं.

कडुलिंबाजवळ पत्र्याचं छोटं घर. अंगणात एक किडकिडीत बाई सूप घेऊन गहू पाखडत होती. डोक्याला पदर घट्ट बांधलेला, भुवयांवर, पापण्यांवर भुशाची पांढरी धूळ, आणि कपाळावर मोठं लालभडक कुंकू. निखिलचं नाक हुबेहूब तिचं. त्याला दुसऱ्या पुराव्याची गरज नव्हती.

मुग्धा पुढे झाली. "मी मुग्धा. निखिलच्या ओळखीची, नाशिकहून आले."

सूप थांबलं. त्या बाईनं मुग्धाकडे पाहिलं, आधी चेहऱ्याकडे, मग हातांकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. तिला नाव माहीत होतं, हे लपत नव्हतं. तोंड उघडलं, मिटलं. मग ती म्हणाली, "कौन निखिल? अच्छा, निखिल भैया. मी तर त्यांच्याकडे काम करायची बाई, ते छोटे होते तवा."

मी सांगते, त्या क्षणी मला काल रात्रीपासून आलेला सगळा राग गिळून टाकावा लागला. कोणी आलं तर काय सांगायचं हे तिला कोणी पढवून ठेवलं होतं, की तिचं तिनंच ठरवलं होतं? पहिलं असेल तर वाईट. दुसरं असेल तर फारच वाईट.

"त्यांची आई कुठे आहे?" मुग्धानं विचारलं.

"शहरात. मोठ्या घरात राहते. बहुत अच्छी आहे. तू फिकर नको करू, पोरी, तुला जपेल."

इतक्यात आतून खाट करकरली आणि लकव्यानं जड झालेल्या जिभेनं एका पुरुषानं विचारलं, "कोण आलंय गं? आपला निखिल आला का?"

बाईनं आमच्याकडे पाहिलं नाही. मान वळवून मोठ्यानं म्हणाली, "नाही ओ. गहू छानायचं विचारायला आलेत." आवाज जराही कापला नाही. शैलाताई इतकी वर्षं रंगभूमीवर उभ्या राहिल्या, पण असं काम त्यांना जमलं नसतं.

त्या माउलीला तिच्याच अंगणात खोटं पाडून आम्हाला काय मिळणार होतं? तिनं लोटीतून पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. पाणी पिऊन आम्ही उठलो.

"थांब," ती मुग्धाला म्हणाली. "बेटी, खाली ओटीनं, रिकामी नको जाऊ. नारळ नाही घरात. चालेल ना?" मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "ओटी तर कोणी पण सवाष्ण भरू शकते. कामवाली पण."

मुग्धानं ओढणी पसरली. त्या बाईनं पाखडलेल्या गव्हात दोन्ही हात घातले, ओंजळ भरली आणि ओतली. पुन्हा भरली, पुन्हा ओतली. हात कुठेही थांबला नाही. वर गुळाचा खडा ठेवला. मुग्धा वाकली तशी ती मागे सरली. "माझे पाय नको, माझे पाय नको. मी कोण?" मुग्धानं ऐकलं नाही. पायांवर डोकं ठेवलं आणि तशीच थोडा वेळ राहिली. बाईचा धुळीनं भरलेला हात वर उठला, तिच्या केसांपर्यंत आला आणि टेकला.

परतताना

गाडीत मुग्धानं ओढणीची ओटी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. गाव मागे पडल्यावर म्हणाली, "आत्या, निखिलला फोन लाव. स्पीकरवर धर." मी तिच्या फोनवरून लावला.

"बोल ना मुग्धा! सकाळपासून फोन का नाही उचललास? आवडलं ना घर?"

"निखिल, मी तुझ्या आईंना भेटून आले."

एखादा माणूस म्हणाला असता, माफ कर. एखादा रडला असता. चिडला असता तरी चाललं असतं. त्यानं सावध आवाजात विचारलं,

"कोणत्या?"

मुग्धानं डोळे मिटले. "बंद कर, आत्या," ती म्हणाली. मी फोन बंद केला. तो पुन्हा वाजत राहिला, मी तो पर्समध्ये तळाशी टाकला. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं आणि गाण्याचा आवाज कमी केला. कितीतरी वेळानं मुग्धा म्हणाली, "तू शब्द शोधत होतीस ना? तो भित्रा आहे. बस. एवढाच शब्द आहे त्याला."

बरोबर होतं. माझ्या साऱ्या शब्दांपेक्षा तो नेमका होता. पण मला अडत होतं ते वेगळंच. नाही ते असल्याचं दाखवणाऱ्यांसाठी आपल्या भाषेत शब्दांची रेलचेल आहे. जी आहे तीच नसल्याचं सांगते, पोटच्या पोराला भैया म्हणते, तिला काय म्हणायचं? इतकी वर्षं मराठी शिकवली, मला येत नाही.

परतीच्या वाटेवर शिकंजी प्यायलो. इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत नव्हे, आटवलेल्या दुधाची घट्ट, सुक्या मेव्याची. चांगली असते म्हणतात. मी अर्धी टाकली.

नाशिकला पोचलो तेव्हा भाऊ दारातच उभा होता. दोन दिवस त्यानं फोन करून विचारायचं टाळलं होतं, इतका घाबरला होता. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग मुग्धाकडे. तिच्या काखेत ओढणीचं गाठोडं होतं. रात्रभर तिनं ते सोडलं नव्हतं.

"कशी आहेत गं माणसं?" त्यानं विचारलं.

"आई फार चांगली आहे, बाबा," मुग्धा म्हणाली, आणि गहू डब्यात ओतायला आत गेली.